सूपवाल्यांच्या घरचा विस्तव

ग्लाशा गावात विस्तव विझू देत नसत. रात्री निजण्यापूर्वी घरची बाई चुलीतले निखारे एका जागी ओढायची, वरून राख सारखी करायची, संत ब्रिजिटचं नाव घ्यायची, आणि सकाळी तीच राख बाजूला सारून त्याच निखाऱ्यांवर नवी वीट ठेवायची. वीट म्हणजे दलदलीतून कापून वाऱ्यावर वाळवलेल्या मातीची. आमच्या बाजूला लाकूड दिसतं ते समुद्रानं आणून टाकलं तरच. कुणाच्या घरचा विस्तव आजोबांच्या वेळचा, कुणाचा त्याच्याही आधीचा. ज्या घरचा विझला त्या घरची बाई शालीत तोंड लपवून शेजारी निखारा मागायला जायची आणि पुढं आठवडाभर विहिरीवर तिची टिंगल चालायची. निखारा नेणाऱ्यानं त्या घरच्या मोठ्या बाईचं नाव घेऊन चुलीचं भलं चिंतायचं, अशी रीत होती. मोठी बाई मेलेली असली तरी नाव तिचंच.

आणि एखादं घर अमेरिकेला निघालं, की निघायच्या सकाळी घरची बाई सगळा विस्तव लोखंडी भांड्यात भरायची आणि शेजाऱ्याच्या चुलीत नेऊन ओतायची. ‘आम्ही परत येईपर्यंत सांभाळा,’ म्हणायची. परत कुणी येत नाही हे देणारीला ठाऊक असायचं, घेणारीलाही. पण चुलीत पाणी ओतून निघून जाणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याला जिवंत गाडण्यासारखं. एवढं काळीज कुणाचं नव्हतं.

असा ग्लाशातल्या निम्म्याहून जास्त घरांचा विस्तव सबिना गॉहनच्या चुलीत होता. नाबला लाव्हेलच्या चुलीत कुणाचाच नव्हता. गंमत अशी, की नाबलाचं घर अगदी वाटेला लागून आणि सबिनाचं वर टेकाडावर. त्यामुळे गाव सोडणाऱ्या प्रत्येक घरचा विस्तव नाबलाच्या दारावरून वर गेला. खालचं अर्धं दार लावून, वरच्या अर्ध्या दारावर कोपर टेकवून ती तो जाताना बघायची. तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरची बाईदेखील भर पावसात, शालीखाली भांडं धरून, चढ चढत वर गेली. अर्धे निखारे वाटेत पडून चरचरले. नाबलाच्या चुलीपाशी जायला तिला चार पावलं पुरली असती.

“भिजेल गं तुझा विस्तव!” नाबलानं हाक मारली होती.

“भिजू दे,” शेजारीण न थांबता म्हणाली. “भिजला तरी बाटणार तर नाही.”

ह्याचं कारण गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. नाबलाच्या आईनं सूप खाल्लं होतं.

ते साल अठराशे सत्तेचाळीस. बटाट्यावर काळा रोग पडला त्याचं ते तिसरं वर्ष. खणावं तर हाताला घाण वासाचा चिखल लागायचा. नाबलाचा बाप सरकारी रस्त्याच्या कामावर दगड फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही. तान्हा भाऊ आईच्या मांडीवर गेला. त्याला पुरून आल्यावर ऊनानं, म्हणजे नाबलाच्या आईनं, नाबलाचा हात धरला आणि ती खाडीपलीकडच्या प्रॉटेस्टंट मिशनमध्ये गेली. तिथल्या आवारात मोठ्या कढईत सूप शिजायचं. मिळायचं ते त्यांच्या देवळात जाऊन बसणाऱ्याला. मेरीमातेचं नाव घ्यायचं नाही, जपमाळ ओढायची नाही, पोरांना त्यांच्या शाळेत घालायचं. ऊनानं सगळ्याला मान डोलावली. जपमाळ तिनं घराच्या छपरात, गवताच्या आत खोचून ठेवली.

शुक्रवार हा आम्हा कॅथलिकांचा मांस न खाण्याचा दिवस. मिशनवाल्यांच्या सुपात नेमकं शुक्रवारीच मांस असायचं. पहिल्या शुक्रवारी नऊ वर्षांच्या नाबलानं वाटी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली.

“आई, आज शुक्रवार आहे.”

“शुक्रवार जेवलेल्या माणसांसाठी असतो, राणी,” ऊना म्हणाली. “गीळ.”

टेकाडावरची केट गॉहन, म्हणजे सबिनाची आई, मात्र मिशनची पायरी चढली नाही. तिचे दोन्ही मुलगे त्या हिवाळ्यात गेले. एकाला दारातून बाहेर काढतात तोवर दुसरा गेला. पुरताना केट ताठ उभी होती, आणि तेवढ्यात वाटेवरून सूप घेऊन येणारी ऊना दिसली तेव्हा ती तिच्या दिशेनं थुंकली. राहिली होती एकटी सबिना, चार-पाच वर्षांची, काड्यांसारखे हातपाय आणि गालांवर लव उगवलेली. भुकेनं मरणाऱ्या पोरांना अशी लव येते. ती आता जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

ती गेली नाही. पोर तगली, चालायला लागली, उन्हाळ्यात पळायला लागली. तिच्या घरात दाणा नव्हता हे गावाला माहीत होतं. मग लोक म्हणाले, केटनं धर्म सोडला नाही म्हणून मेरीमातेनं पोर राखली. चमत्कार झाला! नंतर आलेल्या फादर मुलरॉयनं तर हा चमत्कार व्यासपीठावरून सांगितला. गॉहनची चूल तेव्हापासून पवित्र झाली.

चमत्कार पत्र्याच्या डब्यात यायचा, हे फक्त ऊनाला आणि नाबलाला ठाऊक होतं. ऊना आपल्या वाटणीचं सूप अर्धं पिऊन अर्धं शालीखाली घरी आणायची. रोज दुपारी सबिना किनाऱ्यावर शिंपल्या वेचायला यायची. वेचायला तिथं काही उरलं नव्हतं. लोकांनी खडक कधीच खरवडून नेले होते. तरी पोर रोज यायची आणि दगडी बांधाच्या आडोशाला बसायची. ऊना तिला मांडीवर घेऊन बोटानं भरवायची. नाबला बांधावर उभी राहून कुणी येतंय का बघायची. बघताना तिच्या पोटात आगडोंब उसळलेला असायचा. डब्याकडे बघायचं नाही म्हणून ती समुद्राकडे बघायची.

एकदा न राहवून ती म्हणाली, “तिची आई आपल्यावर थुंकते, आणि तू तिला भरवतेस.”

“थुंकू दे,” ऊना म्हणाली. “थुंकायला तरी तोंड ओलं आहे तिचं.”

पण त्याच दिवशी घरी आल्यावर तिनं छपरातून जपमाळ काढली आणि तिच्या क्रुसावर नाबलाचा हात दाबून धरला. “हे कुणाला सांगायचं नाही. मी मेले तरी नाही. आपलं नाव तर गेलंच आहे. तिचं जाऊ द्यायचं नाही. तिला पुढं जगायचंय ह्या गावात.”

नाबलानं शपथ घेतली. नऊ वर्षांच्या पोरीला काय ठाऊक, शपथ किती जड असते ते.

दुष्काळ ओसरल्यावर ऊना आपल्या धर्मात परत आली. फादर मुलरॉयनं तिला देवळाच्या दाराबाहेर, दगडांवर, कित्येक रविवार गुडघ्यांवर बसवलं. लोक तिच्या अंगावरून आत जायचे. देवानं तिला माफ केलं असं फादरनं एके दिवशी जाहीर केलं. गावानं केलं नाही. गावाला देवापेक्षा जास्त आठवत होतं.

नाबला रस्त्यानं निघाली की पोरं पत्र्याच्या डब्यावर पळी बडवायची. त्यांचा म्होरक्या फेस्टस, तोंडाचा फाटका. “जेवण तयार आहे हो, वाटी आणा, धर्म सोडा!” असं ओरडायचा आणि पोरं हसून लोळायची. मोठी माणसं त्यांना दटावायची नाहीत. लाव्हेलच्या चुलीवर कुणी पाइप पेटवायला वाकत नसे. कुणाचा विस्तव विझला तर बाई त्यांच्या दारावरून पुढं जायची. ऊना आपला विस्तव जिवापाड राखायची. म्हणायची, “आपल्याकडे कुणी येणार नाही, आणि आपल्याला कुणाकडे जायची सोय नाही. तेव्हा हा विझता कामा नये.”

मरताना तिला दम लागला होता. नाबला वाकून म्हणाली, “आई, आता तरी सांगू?”

ऊनानं मान हलवली. “सबिनाचं लग्न ठरलंय, घरजावई येतोय ना? आता तर मुळीच नको.”

तिला दफनभूमीच्या कडेला, भिंतीला चिकटून जागा मिळाली. रडायला बायका आल्या नाहीत. पेटी उचलायला नाबलाचा होणारा नवरा मायलस आणि त्याचे दोन भाऊ होते. मायलस बेटावरचा कोळी. लग्नाआधी त्याला गावकऱ्यांनी बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, “मला ती बटाटे उकडून देणार आहे, सूप नव्हे.” त्या एका वाक्यावर नाबला त्याच्यावर जन्मभर जीव टाकत राहिली. जन्म त्याचा लांब नव्हता. एका शरद ऋतूत त्याची कातडी होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली.

दोन मुलगे मिसरूड फुटताच अमेरिकेला गेले. थोरल्यानं दोन वर्षं नाताळला पैसे पाठवले, मग तोही गप्प झाला. नाबलानं त्यांना दोष दिला नाही. राहिली विनी, धाकटी. विनी आजीवर गेली होती, हसरी आणि हट्टी. आणि तिचं सूत जुळलं कुणाशी, तर सबिनाच्या मुलाशी, ओवेनशी!

नाबलाला कळलं तेव्हा ती घाबरली आणि लगेच तिला एक वेडी आशाही वाटली. फेस्टस आता गावात सोयरिकी जुळवत फिरायचा. इंग्लंडच्या खाणीत सुरुंगाच्या आवाजानं त्याचे कान निकामी होत चालले होते, पण जीभ शाबूत होती. रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन तो टेकाडावर गेला. मुलीकडची बाटली फोडली की सोयरीक पक्की. तास झाला नाही तोच तो उतरताना दिसला. बाटली बगलेत, भरलेली.

“काय म्हणाली?” नाबलानं विचारलं.

“तू ऐकून काय करणार?”

“सांग रे, फेस्टस.”

“म्हणाली, ज्या घरानं दोन पोरं दिली पण सूप घेतलं नाही, त्या घरात सूपवालीची नात येणार नाही.” फेस्टसनं बाटलीकडे आशाळभूतपणे बघितलं. “ही आता फोडायची का?”

दुसऱ्या दिवशी विनीनं चुलतबहिणीला बोस्टनला कळवलं, की तिकिटाचं बघ. तेव्हा मात्र नाबलाचा धीर सुटला. शपथ गेली खड्ड्यात, असं म्हणून ती शाल न घेताच टेकाड चढली.

गॉहनच्या घरात म्हातारी केट चुलीपाशी बसून माळ ओढत होती. चुलीत केवढा विस्तव! सगळ्या गावाचा! सबिना पीठ मळत होती. नाबलाला बघून तिचे हात थांबले. नाबलानं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होते: तुझा चमत्कार माझ्या आईच्या डब्यातून आला, बये. पण केटनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. म्हातारीची बुबुळं पांढरी झाली होती, तरी ती बघत होती. नाबलाला आईचा हात आठवला, क्रुसावर दाबून धरलेला. काहीतरी बोलणं भाग होतं.

“निखारा मागायला आले होते,” ती म्हणाली.

सबिनाच्या तोंडावर आश्चर्य आलं, मग तुच्छता. केट मात्र हळूच म्हणाली, “दे गं तिला. मागेल तेवढा दे.”

नाबला न लागणारा निखारा घेऊन निघाली. रीत म्हणून दारात थांबून तिला म्हणावं लागलं, “केट गॉहनच्या चुलीचं भलं होवो.” संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की सूपवाल्यांच्या घरचा विस्तवसुद्धा मेला. फेस्टसनं तर विहिरीवर म्हणे टोपी काढून दुखवटा पाळला.

अमेरिकेला जाणारा माणूस आमच्याकडे मेल्यासारखाच धरतात. आदल्या रात्री गाव जमतं, नाचतं, रडतं, मेलेल्याभोवती बसतात तसं त्याच्याभोवती बसतं. विनीसाठी फेस्टस तेवढा आला, तोही त्या बाटलीसाठी. सकाळी वळणापर्यंत पोचवायला मायलेकी दोघीच. वळणावर विनी म्हणाली, “आई, आजीनं सूप खाल्लं नसतं तर मी नसते ना?”

“नसतीस,” नाबला म्हणाली.

“मग चांगलं केलं तिनं,” विनी म्हणाली आणि गाडीत चढली.

बोस्टनच्या धुलाईखान्यात वाफेत उभं राहून विनीची छाती बिघडली. दोन हिवाळे काढले तिनं. तिकडच्या पाद्र्याचं पत्र फादरनं वाचून दाखवलं. नाबला घरी आली, चुलीसमोर बसली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, की हंडा उचलावा आणि ओतावा ह्याच्यावर. कुणासाठी राखायचा? तिला सबिनाचा राग आला, केटचा आला, फादरचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा आला. भरवायचं होतं तर भरवायचं, शपथ कशाला घ्यायला लावली? रात्र झाली तशी तिनं नेहमीप्रमाणे राख ओढली.

पुढं आणखी दोनदा बटाटा कुजला आणि ग्लाशा उठलं. छपरं बसली, भिंतींतून खाजरी झुडपं उगवली, धुराड्यांत कावळ्यांनी घरटी केली. ओवेनही अमेरिकेला गेला. केट मेली, सबिनाचा नवराही मेला. शेवटी गावात तीन धूर राहिले: टेकाडावर सबिनाचा, वाटेवर नाबलाचा, आणि ओढ्यापलीकडे फेस्टसचा, तोही असला तर असायचा. फेस्टसचा विस्तव महिन्यातून एकदा तरी विझे, आणि तो दर वेळी नाबलाच्या दारावरून पाय ओढत वर जाई आणि सबिनाकडून निखारा आणी.

मग ओवेननं आईसाठी तिकीट पाठवलं.

ते कळल्यापासून नाबलाला दुसरं काही सुचेना. विस्तव कुठं जाणार? लाज वाटायची तिला स्वतःची. पन्नाशी उलटली, दात पडले, पोरं गेली, आणि बाई जीव टांगून बसली आहे कशावर, तर कुणीतरी आपल्या चुलीत चार निखारे टाकतं का ह्यावर! पण तसंच होतं खरं. त्या भांड्यातून आईचं नाव परत येणार होतं, नाहीतर कधीच येणार नव्हतं. फेस्टसच्या घरी नेईल, तिनं मनाशी म्हटलं. नाहीतर पाणी ओतेल. सूपवालीकडे यायच्या आधी ती पाणी ओतेल.

निघायच्या सकाळी नाबला अर्ध्या दारावर कोपर टेकवून उभी राहिली. शहरातून आलेला गाडीवान घोड्याचा पट्टा आवळत होता. फेस्टस बांधावर बसून पाइप चावत होता. टेकाडावरून सबिना उतरली, काळ्या शालीत, दोन्ही हातांत लोखंडी भांडं. ओढ्याकडे वळायच्या जागी ती थांबली. मग सरळ आली आणि नाबलाच्या दारासमोर उभी राहिली.

नाबलाच्या तोंडून निघालं ते भलतंच. “रस्ता चुकलीस का गं, सबिने?”

“दार उघड. हात भाजतायत.”

“फेस्टस पलीकडे राहतो.”

“तो संध्याकाळपर्यंत विझवेल.”

“म्हणजे दुसरं कुणी उरलं नाही म्हणून माझ्याकडे.”

सबिनानं भांडं दाराच्या कडेवर टेकवलं. “शुक्रवारी त्यात मांस असायचं,” ती म्हणाली. “मिरी फार असायची. मला ठसका लागायचा, मग तुझी आई पाठीवर हात फिरवायची.”

नाबलानं कोपर दारावरून उचललं.

“तुला आठवतं?” तिनं विचारलं.

“मला वाटायचं स्वप्न आहे. मग आईनं सांगितलं. ती मला रोज त्याच वेळी शिंपल्या वेचायला पाठवायची, मुद्दाम. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्याच्यानं स्वतः मिशनकडे जाववलं नाही, आणि मला मरू देववलं नाही.”

“कधी सांगितलं तिनं?”

सबिनानं भांड्यातल्या राखेकडे बघितलं.

“कधी गं?”

“तू निखारा न्यायला आलीस त्या दिवशी. तू गेल्यावर. तुझा विस्तव विझला नव्हता, नाबले. तुझ्या धुराड्यातून धूर निघताना मला वरून दिसत होता. मी आईला म्हटलं, ही खोटं का बोलली? तेव्हा तिनं सांगितलं.”

विनी त्यानंतर चांगला दीड महिना गावात होती. रोज विहिरीवर जात होती. नाबलाच्या अंगाचा भडका उडाला. दारावरून हात घालून तिनं सबिनाची शाल धरली. “माझी पोर इथं होती! तू टेकाड उतरून एक शब्द बोलली असतीस तर आज ती माझ्यासमोर असती! धुलाईखान्यात रक्त ओकून मेली ती, सबिने, परक्या बायकांच्या चादरी धूत!”

“ठाऊक आहे.”

“मग का नाही आलीस?”

“भीती वाटली,” सबिना म्हणाली. “सगळं गाव आमच्या चुलीला हात जोडायचं. आणि ती घरात आली असती तर रोज तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तुझ्या आईसारखंच होतं तिचं तोंड.” तिनं शाल सोडवून घेतली नाही. “मार मला. पण हा घे.”

नाबलानं तिला मारलं नाही. शाल सोडली. भांड्यात बघितलं. राखेतून निखारे लाल दिसत होते: शेजारणीचे, ओढ्याकाठच्या घरांचे, गेलेल्या सगळ्यांचे. तिनं खालचं दार उघडलं.

“ओत,” ती म्हणाली. “आणि मग बाहेर जाऊन सांग. वाटेवर उभी राहून, मोठ्यानं. माझ्या आईला दाराबाहेर गुडघ्यांवर बसवलं होतं. तूही बाहेरच सांग.”

सबिनानं वाकून विस्तव लाव्हेलच्या चुलीत ओतला. ठिणग्या उडाल्या. मग ती बाहेर गेली, गाडीजवळ उभी राहिली आणि खरंच, सगळा जीव गोळा करून ओरडली, “ऊना लाव्हेलच्या सुपावर मी जगले! चमत्कार वगैरे काही नव्हतं! तिनं स्वतःच्या तोंडचं मला भरवलं!”

आवाज वाटेवरून गेला, छप्पर नसलेल्या भिंतींना लागला. दोन कावळे उडाले. विहिरीवर कुणी नव्हतं. ज्या शेजारणीनं भर पावसात विस्तव वर नेला ती क्लीव्हलंडमध्ये होती. फादर मुलरॉय जमिनीखाली होता. गाडीवानानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “बाई, आगबोट थांबायची नाही.”

सबिना गाडीत चढली. तिनं वळून बघितलं तेव्हा नाबलानं हात वर केला नाही; नजर तेवढी वळणापर्यंत काढली नाही.

फेस्टस बांधावरून उठून कानाला पंजा लावत जवळ आला. गावातली ही शेवटची जीभ. डब्यावर पळी बडवणारी हीच. “काय म्हणत होती गं ती? एवढी कशाला ओरडत होती?”

नाबलानं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं असतं तर त्याला ऐकू गेलं असतं. जन्मभर ज्याला ऐकवायचं होतं तो समोर कान पुढं करून उभा होता. सबिना अजून खाडीच्या रस्त्यावर होती, गाडी दिसत होती. ह्या बाजूचे लोक अमेरिकेतही एकाच गल्लीत राहतात, आणि फेस्टसच्या भाचरांना पत्रं जातात. क्रूस तळहाताला रुतावा तसं नाबलाला झालं.

“निरोप घेत होती,” ती त्याच्या कानात ओरडली. “म्हणाली, फेस्टसला सांग विस्तव नीट राख, आता वर कुणी नाही!”

“हं,” फेस्टस म्हणाला. “मोठी आली शिकवणारी.”

त्या रात्री नाबलानं राख ओढताना ज्यांचा ज्यांचा विस्तव होता त्या घरांची नावं घेतली. गॉहनचं नाव घेताना ती अडली. राख पुन्हा एकदा सारखी केली, मग घेतलं. शेवटी विनीचं घेतलं आणि ओक्साबोक्शी रडली. विनीला घर नव्हतं, विस्तव नव्हता, तरी घेतलं.

पाच-सहा दिवस जोराचा वारा झाला. तो पडला त्या सकाळी दारावर सावली आली. फेस्टस उभा होता. ओला, नाक लाल, हातात पत्र्याचा डबा. तो टेकाडाकडे बघत होता, तिथं आता धूर नव्हता.

“वारा फार होता,” तो म्हणाला.

“होता खरा.”

तो पाय बदलून उभा राहिला. नाबलानं त्याला जास्त ताटकळवलं नाही. डबा त्याच्या हातून घेतला, चिमट्यानं चांगले धगधगीत निखारे निवडले, तळाला राख घालून त्यावर ठेवले आणि डबा परत दिला. त्यानं तो घेतला. जायला वळला, थांबला. रीत त्यालाही ठाऊक होती. मग टोपी काढून, चुलीकडे बघत, बहिरी माणसं बोलतात तसं गरजेपेक्षा मोठ्यानं तो म्हणाला, “ऊना लाव्हेलच्या चुलीचं भलं होवो.”

आणि डबा शालीखाली धरावा तसा कोटाखाली धरून तो ओढ्याकडे निघाला. नाबला अर्ध्या दारावर कोपर टेकवून त्याच्या घरातून धूर निघेपर्यंत तिथंच उभी होती.